कुणाचा गोळा

चंद्रभागा आमच्या मळ्यावर निशिगंध तोडायला आली, तेव्हा तिला नाशकात येऊन आठवडाही झाला नव्हता. दोन हजार तीन साल असेल. गंगापूर रोडला आम्हा माळ्यांचे मळे तेव्हा अजून तग धरून होते, दोन बिल्डिंगांच्या मध्ये एखादा. बरोबर शाळेच्या वयाची मुलगी होती, उज्वला. हातात एक पत्र्याची पेटी. सासूबाईंनी विचारलं, "गाव कोणतं?" तर म्हणाली, "देवळालीच्या पल्याड, कातरवाडी." एवढंच.

देवळालीच्या तोफांचा आवाज, वारा तिकडून असला की आमच्या मळ्यापर्यंत यायचा. लांब कुणी भरलेली गोणी खाली टाकावी तसा. आम्हाला सवय होती, त्यामुळे तो कानावर पडूनही ऐकू येत नसे. चंद्रभागेचा हात मात्र फुलावर थांबायचा. "फुटला," म्हणायची आणि पुढचं फूल तोडायची. एकदा नुसतीच थांबली, बोलली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तोफ वाजली मंजूताई, पन फुटल्याचा आवाज नाय आला. पडला नुसता."

तीन वर्षं ती माझ्याशेजारी बसून फुलं तोडत, जुड्या बांधत बोलत गेली. कधी एक वाक्य, कधी तासभर. ते सगळं मी इथे ओळीने सांगते आहे.

कातरवाडी म्हणजे डोंगराच्या कुशीतली थोडी घरं. मागची खिंड ओलांडून उतरलं की लष्कराचं गोळाबारीचं मैदान. वाडीतले लोक त्याला रेंज म्हणत. ज्या दिवशी तोफा चालणार त्या दिवशी टेकडीवर लाल बावटा लागायचा, आदल्या दिवशी गावात निरोप यायचा. बावटा असताना आत पाऊल टाकायचं नाही, हा हुकूम वाडीतल्या लहानथोरांना पाठ होता आणि बावटा लागला की अर्धी वाडी आत असायची.

जमीन होती, पण उताराची, नागली-वरईची. पावसाळा संपला की तिच्यात करण्यासारखं काही नसे. मग उरलेलं वर्ष गोळ्यांचं. ओहोळात, खडकाआड दबून राहायचं. डोक्यावरून शीळ जायची, समोरच्या उतारावर धूळ उडायची. ती खाली बसायच्या आत धावायचं. आधी पोचेल त्याचं लोखंड. गोळ्याच्या बुडाशी तांब्याचं कडं असतं, त्याला भाव सगळ्यात चांगला. तुकडे इतके तापलेले असत की कोरडं पोतं जळून जाई, म्हणून बाया ओलं गोणपाट घेऊन पळत. उजेडाच्या गोळ्यांबरोबर पॅराशूट खाली येई, त्याच्या कापडाची झबली वाडीतल्या पोरांच्या अंगावर असत. जो गोळा पडून फुटत नसे तो "जिता गोळा". त्याला हात लावायचा नाही, हा वाडीचा स्वतःचा हुकूम होता आणि तो बहुतेक जण पाळत.

चंद्रभागा लग्न होऊन कातरवाडीत आली आणि दोन हिवाळ्यांत पुरुषांच्या पुढे पळायला लागली. नवरा पुंजा पळण्यात मागे, पण ओझं वाहण्यात पुढे. थट्टेखोर माणूस. घरात सासू आक्काबाई आणि धाकटा दीर सोमनाथ. सोमनाथचे पाय लहानपणापासून गोळ्यांमागे धावून तयार झालेले. नाशिकरोडला भरती निघाली तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे पळाला आणि तोफखान्यात लागला. ते ब्याण्णव साल.

शिकाऊ जवानांची तुकडी सरावाला त्याच रेंजवर यायची. त्या हिवाळ्यात आक्काबाई उंबऱ्यावर बसून राहायच्या. तोफ वाजली की म्हणायच्या, "ही माझ्या सोम्याची."

"आई," पुंजा म्हणायचा, "आशानं तू साऱ्या तोफा त्याच्या नावावर करशील."

मग तो आणि चंद्रभागा पोतं घेऊन खिंडीतून उतरायचे. फाट्यावर नाथाचं भंगाराचं दुकान होतं. तिथे पोतं ठेवताना पुंजा हसून सांगायचा, "धाकटा पेरतोय, थोरला येचतोय. घरचंच पीक हे, नीट तोल."

नाथाचं दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, तराजू, पुढे चहाची भट्टी आणि नंतर नंतर एक टीव्ही. वाडीतला टीव्ही तेवढाच. पोखरणला स्फोट झाले त्या दिवशी नाथाने पेढे वाटले. पुढच्या वर्षी, नव्याण्णवच्या फेब्रुवारीत, दिल्लीहून लाहोरला बस गेली, आणि टीव्हीवर दोन्हीकडची माणसं एकमेकांना हार घालताना दिसली. चंद्रभागा पुंजाबरोबर पोतं घेऊन उभी होती. शाळेचे गुरुजी चहा पीत होते.

गुरुजी म्हणाले, "हे झालं तर दोघांचंही भलं आहे. अणुबॉम्ब आता दोघांकडे. भांडून कुणाला काय मिळणार? जेवढा पैसा तोफांत जातो, तेवढ्यात वाडी-वाडीला दवाखाना होईल."

"व्हईल की," नाथा म्हणाला. "पन गुरुजी, दवाखाना भंगारात केवढ्याला जाईल?"

सगळे हसले. पुंजा म्हणाला, "भांडन मिटलं की वकील उपाशी, तशी आमची गत. त्या दोघांनी गळ्यात गळे घातले तर आमच्या गळ्यात काय?"

गुरुजींना राग आला नाही. ते म्हणाले, "पुंजा, तुझाच भाऊ आहे ना तोफेवर?"

पुंजा तराजूकडे वळला. उज्वलाच्या आधी चंद्रभागेला एक मुलगा झाला होता. तो तापाने फणफणला तेव्हा झोळीत घालून फाट्यापर्यंत आणेस्तोवर गेला. दवाखान्याचं नाव निघालं की तिला ती वाट आठवायची. पण हातात पोतंही होतं.

"मला दोनी पायजे व्हतं, ताई," ती मला म्हणाली. "दवाखाना बी आन गोळे बी. आसं कुनी देतं का?"

उन्हाळ्यात कारगिल सुरू झालं. सोमनाथची पलटण वर गेल्याचं एका कार्डावरून कळलं, नंतर काही नाही. आक्काबाई सकाळी भाकरी खाऊन नाथाच्या टीव्हीसमोर जाऊन बसत. नाथा त्यांना चहा द्यायचा, बसायला पोतं टाकून द्यायचा. बोफोर्स दाखवली की सगळे त्यांच्याकडे बघत. त्या पडद्याच्या जवळ सरकत, चेहरे न्याहाळत. फाट्यावर सायकलवरून कुणी खाकी कपड्यातला दिसला की वाडीतल्या सगळ्या बायांचा जीव गोळा व्हायचा. तार कुणाच्या घरी येणार हे ठरल्यासारखंच होतं.

मृग तोंडावर आला होता. पाऊस लागला की गवत माजतं, चिखल होतो, वेचणं संपतं. त्यामुळे शेवटचं म्हणून पुंजा आणि चंद्रभागा रेंजवर गेली. बावटा नव्हता, तोफा नव्हत्या. ओहोळाच्या काठावर मातीतून एक गोळा अर्धा वर आलेला पुंजाला दिसला. जिता. त्याची पुढची टोपी पितळेची. वाडीतला लहानू अशा टोप्या फिरवून काढायला शिकला होता आणि पुंजाने ते पाहिलं होतं.

"ऱ्हाऊ द्या," चंद्रभागा म्हणाली.

"सोम्या तिकडं रोज शंभर उचलतोय," पुंजा म्हणाला, "आन मी एकाला भ्यायचं?"

"त्यांना शिकवलंय."

"मी पन बघितलंय. तू जा, ते पोतं बांध."

ती पोतं बांधायला खडकामागे गेली. पुढचं सांगताना तिने हातातली जुडी खाली ठेवली होती. "आवाज मला ऐकूच नाय आला. इतका जवळचा आवाज ऐकू येत नाय. कुनी तरी पाठीत ढकलल्यावानी झालं. उठून गेले तं... उचलून घ्यावं आसं काई नव्हतं, ताई. ओलं गोनपाट व्हतं, ते टाकलं वरून."

ती खिंड चढून फाट्यावर पळत आली. नाथाच्या दुकानात माणसं टीव्हीसमोर बसलेली. त्यांना ती मातीने माखलेली, पदर सुटलेली धावत येताना दिसली आणि सगळ्यांना एकच वाटलं. आक्काबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि किंचाळल्या, "सोम्या!"

"सोमनाथभावजी नाय, आत्याबाई," चंद्रभागा म्हणाली.

आणि आक्काबाईंचा चेहरा निवला. क्षणभरच. श्वास खाली बसला, हात छातीवर गेला, ओठ देवाचं नाव घ्यायला हलले. चंद्रभागेने ते सगळं पाहिलं. मग तिला दुसरं नाव सांगावं लागलं.

"मी त्यांना कदीच बोलून नाय दाखवलं," ती म्हणाली. "त्यांचा काय गुन्हा? पन तवापासनं त्या माज्याकडं नीट बघू शकल्या नाईत."

पोलीस आले, पंचनामा झाला. मनाई असलेल्या जागेत शिरून, असं त्यात लिहिलं. चंद्रभागेला त्यात खोटं काही वाटलं नाही. बावटा असो नसो, जागा लष्कराची होती, आणि पुंजाला तिथे कुणी बोलावलं नव्हतं. त्याच आठवड्यात तालुक्यातल्या एका गावात कारगिलहून जवानाचं शव आलं, तिरंग्यात. रस्ताभर माणूस. कातरवाडीतले पुरुषही तिकडे गेले. पुंजाच्या दहाव्याला नदीवर मोजके भाऊबंद होते.

नाथा सांत्वनाला आला. जाताना हळूच म्हणाला, "चंद्रभागा, पाकिस्ताननं मारला आसंच धर तू. तोफेचाच गोळा ना शेवटी."

त्या वाक्यावर ती खूप दिवस विचार करत राहिली. आपल्याच देशाची तोफ, आपल्याच डोंगरावर, सराव म्हणून मारलेला गोळा. समोर शत्रू नव्हता. तरी शत्रू कुठे तरी होता म्हणूनच तो सराव होता. मग मारणारा कोण म्हणायचा?

सोमनाथला तार मिळाली होती, सुट्टी मिळाली नव्हती. तो आला पावसाळ्यानंतर. फाट्यापासून वाडीने त्याला वाजतगाजत आणलं. गुलाल, हार. गुरुजींनी मुलांची रांग उभी केली. आक्काबाईंनी ओवाळलं. आरतीचं ताट सोमनाथनेच खालून धरलं. चंद्रभागा दारात उभी होती. त्याने गळ्यातले हार काढून तिथल्या खुंटीला अडकवले आणि तिच्या पाया पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "वयनी, जागा दाखवा."

ती त्याला घेऊन गेली. पावसाने खड्डा बुजत आला होता, गवत उगवलं होतं. सोमनाथ उकिडवा बसला. माती उकरत राहिला. लोखंडाचे दोन-तीन तुकडे निघाले. वाडीतल्या कुणीही त्या जागेवरचं वेचलं नव्हतं. त्याने एक तुकडा हातावर घेऊन अंगठ्याने घासला.

"हा नवा नव्हता," तो म्हणाला.

"मंग?"

"गंज बघा. एका पावसाळ्याचा नाय हा. बाहेरच्या अंगाला खोलवर खाल्लंय. वर्सानुवर्सं पडून व्हता." तो उतार बघत राहिला. मग हात करून दाखवला. "आमची तुकडी त्या पठारावर व्हती. ट्रेनिंगला. ह्याच उतारावर मारायचो आमी."

चंद्रभागेच्या लक्षात आलं तो काय म्हणतो आहे. "तुमच्या आदी किती तुकड्या आल्या आन नंतर किती," ती म्हणाली. "काई बी मनात आनू नका."

"मंग तुमीच सांगा, माझा नव्हता म्हनून."

"मी कसं सांगू भावजी?"

"कुनीच नाय सांगू शकत," सोमनाथ म्हणाला. "तेच तर."

ती दोघं बराच वेळ तिथे बसली. सोमनाथ कारगिलचं फारसं बोलत नसे, तेव्हा बोलला. समोरचा माणूस आम्हाला दिसत नाही, म्हणाला. आकडे येतात, तोफ फिरवायची, मारायचं. रात्रंदिवस इतके मारले की कानातून रक्त आलं. "त्यातले पन काई फुटले नसतील वयनी. बर्फात रुतले आसतील. तढं पन कुनी तरी मेंढरं चारनारा आसंलच ना? उद्या हे दोन देश एक व्हतील, हार घालतील. पन त्याला कोन सांगायला जानार, बाबा, इथं हात लावू नको?"

"मंग सोडा ती नोकरी."

"आन काय करू? पोतं घेऊ?"

सुट्टी संपायच्या आत वाडीतल्या म्हाताऱ्यांनी विषय काढला, की सोमनाथचं लग्न व्हायचंय, हिचं कपाळ मोकळं, पाट लावून द्यावा, घरातलं घरात राहील. चंद्रभागेने साफ नाही म्हटलं. लोकांना वाटलं ती लाजते. मला तिने कारण सांगितलं: "ते मला बगतात तवा त्यांना ती जागाच दिसती. मग रोज सकाळी उठून त्यांनी तीच बगायची का?"

सोमनाथ गेला. पुढेही त्याने लग्न केलं नाही.

चंद्रभागेने त्यानंतर पोतं हातात घेतलं नाही. एक शेळी घेतली, दुसऱ्यांच्या बांधावर मजुरी केली. शेळीमागे फिरताना रेंजच्या कडेने जावंच लागायचं, तेव्हा ती नजर खाली ठेवून चालायची, पण जमिनीवर सगळं दिसायचंच.

दोन हजार एकच्या डिसेंबरात दिल्लीत संसदेवर हल्ला झाला आणि फौजा सीमेवर निघाल्या. सोमनाथही राजस्थानात कुठेतरी. इकडच्या तोफाही गेल्या असं वाडीत म्हणत. खरं-खोटं कुणास ठाऊक, पण रेंज मुकी झाली. लाल बावटा लागेना. नवं लोखंड पडेना. नाथाचा तराजू रिकामा लोंबायला लागला. एरवी लढाई म्हटलं की ज्यांचे डोळे चमकायचे ते म्हणू लागले, एकदाची लढून टाका आणि तोफा परत आणा. कुणी म्हणे, नाही तर सरळ दोस्ती तरी करा. त्यांना दोन्ही चालणार होतं. बावटा लागल्याशी कारण.

तो लागेना म्हणून लहानू आणि आणखी काही जण जुनं उकरायला लागले. जमिनीत गेलेले, न फुटलेले. एका दुपारी चंद्रभागेने पाहिलं, लहानू दगडावर गोळा टेकवून छिन्नी लावतो आहे. तिने लांबून हाक मारली. त्याने हात हलवून जा म्हटलं.

ती घरी गेली नाही. तशीच खिंडीच्या दुसऱ्या अंगाने रस्त्यावर उतरली आणि मिलिटरीच्या नाक्यावर जाऊन उभी राहिली. तिथल्या जवानाला मराठी येत नव्हतं, तिला हिंदी धड येत नव्हतं. ती हातांनी दाखवत राहिली. शेवटी गाडी आली, तिला बसवून घेऊन गेले. तिने उतारावरचे जिते गोळे एकेक दाखवले. दुसऱ्या दिवशी माणसं आली, त्यांनी दोरीने कडं केलं आणि सगळे तिथल्या तिथे उडवून दिले. लहानूला पोलिसांच्या ताब्यात दिलं. तो थोड्या दिवसांनी सुटला.

वाडीने तिला माफ केलं नाही. विहिरीवर ती आली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. तिच्या नागलीत कुणी तरी रात्रीतून गुरं सोडली. लहानूची बायको भागीबाई तिची मैत्रीण होती, दोघी एका ओहोळात दबून बसलेल्या. भागीबाईने दारात येऊन सांगितलं, "तुझा गेला म्हनून तू आमच्या घरादारावर उठलीस."

"तुझा जाऊ नये म्हनून गेले मी," चंद्रभागा म्हणाली.

"तू नको बोलू माज्याशी."

वर्षभर तिने सोसलं. मग उज्वलाला शाळेत पोरी चिडवायला लागल्या तेव्हा तिने पेटी भरली. आक्काबाई यायला तयार झाल्या नाहीत. म्हणाल्या, "एक पोरगा इढंच गेला, दुसरा इढंच परत यील." त्यांच्या एका पुतण्याने त्यांना सांभाळायचं कबूल केलं. अशी चंद्रभागा आमच्याकडे आली.

पुढची दोन-तीन वर्षं खूप गोडीगुलाबीची होती. सीमेवरचा गोळीबार थांबला. आपली क्रिकेट टीम तिकडे जाऊन खेळली, आमच्या घरात टीव्हीपुढून कुणी हलेना. माझे दीर म्हणायचे, आता निफाडचा कांदा, पिंपळगावचा टमाटा रस्त्याने थेट लाहोरला जाणार, शेतकऱ्याचं सोनं होणार. चंद्रभागा फुलांच्या जुड्या बांधत ऐकायची. एकदा मी म्हटलं, "आता तरी थांबेल ना गं तुमच्या तिकडचं?"

ती म्हणाली, "ते थांबत नाय, ताई. दोस्ती झाली म्हनून कुनी तोफ गंजू देतं का? परवाच बावटा व्हता म्हनं. पन भावजींचं कार्ड आलंय, तढं बॉर्डरवर रात्री झोप लागती म्हनून. लय वर्सांनी. म्हंजी कुनाला तरी फायदा झालाच की."

त्याच काळात लहानू गेला. तसाच. छिन्नीने. त्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर दोन देशांमधल्या बोलण्यांची बातमी होती. लहानूची आतल्या पानात होती, चार ओळींची.

काही महिन्यांनी भागीबाई आमच्या मळ्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आत येईना. चंद्रभागा ओट्यावरून उठली, तिच्याजवळ गेली. मला वाटलं होतं रडतील, भांडतील. चंद्रभागेने तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि तिला आत आणलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मंजूताई, हिला काम पायजे."

आमच्याकडे काम नव्हतं. मळ्याचा सौदा होऊन गेला होता. मोठ्या दिरांनी बिल्डरला शब्द दिला होता, आणि त्या मोसमानंतर आम्ही निशिगंध लावलाच नाही. मी ते सांगितलं, तेव्हा चंद्रभागेला पहिल्यांदाच कळलं की तिचंही काम संपतं आहे. तिने मान हलवली. दोघी दुसऱ्या दिवसापासून सातपूरच्या बाजूला एका बांधकामावर विटा वाहायला लागल्या. भागीबाईला ते झेपलं नाही. ती वर्षाच्या आत वाडीला परत गेली आणि मी ऐकलं की बाकीच्या बायांबरोबर पुन्हा रेंजवर जाते. आक्काबाई त्याच सुमारास वारल्या. सोमनाथला पोचायला उशीर झाला.

आम्ही फ्लॅटमध्ये राहायला गेलो. चंद्रभागा सणासुदीला, कार्याला मदतीला यायची. दोन हजार आठच्या नोव्हेंबराअखेर मुंबईवर हल्ला झाला, त्यानंतरच्या दिवसांत ती आमच्याकडे होती, सृष्टीच्या, म्हणजे माझ्या पुतणीच्या, साखरपुड्याची तयारी चालली होती म्हणून. टीव्हीवर एकच आरडाओरडा. माझे दीर सोफ्यावर बसून म्हणाले, "आता बास झालं. एकदाच घुसून संपवून टाकायला पाहिजे."

चंद्रभागा मेथी निवडत होती. तिने हात पुसले. कमरेच्या पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला, त्यावर नंबर होता. "ताई, एवढा फोन लावून देता का?"

तीन-चारदा लागला नाही. मग लागला. तिने फोन कानाला धरला आणि ओरडायलाच लागली. सोमनाथचा डावा कान तोफेने पार गेला होता, उजव्यातही कमीच ऐकू यायचं. दिरांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"भावजी! मी चंद्रभागा! कुढं हाय तुमी?... सांगायचं नाय? बरं! नका सांगू!... जेवला का?... जेवला का म्हनते!... उज्वला बरी हाय!... लढाई व्हनार का?"

पलीकडून तो काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं नाही. ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मग खाली आवाजात, त्याला ऐकूच गेलं नसेल अशा आवाजात म्हणाली, "नाय ना तो तुमचा. मी सांगते ना. नव्हता." आणि फोन माझ्या हातात दिला.

दीर टीव्हीचा आवाज वाढवायला विसरले. ती परत मेथीजवळ बसली.

लढाई झाली नाही. दोस्तीही राहिली नाही. सोमनाथ पुढच्या वर्षी पेन्शनीत निघाला. वाडीला गेलाच नाही. अंबडच्या एका कारखान्यात गेटवर वॉचमन म्हणून लागला, खोली घेऊन एकटा राहतो. उज्वलाचं लग्न झाल्यावर चंद्रभागाही चाळीतल्या खोलीत एकटीच. रविवारी तो तिच्याकडे जेवायला येतो. उज्वला म्हणते, दोघं फार बोलत नाहीत. ती भाकरी त्याच्या उजव्या बाजूने वाढते, "अजून घ्या" हे मोठ्याने सांगते, आणि चाळीतल्या सगळ्यांना ते ऐकू जातं.